टाकलेली ढाल

१

नक्ष्या गेल्या होत्या. धाकटीने रक्त आटवून काढलेल्या गालिच्यांच्या तयार नक्ष्या, सगळ्याच्या सगळ्या.

"अहो, माझ्या नक्ष्या! काहीच नाहीये इथे!" धाकटी अशी काही किंचाळली की स्वयंपाकघरात थोरलीच्या हातून झाकण निसटलं आणि फरशीवर गरागरा फिरत राहिलं.

घर धाकटीच्या खोलीत गोळा झालं. अप्पा, म्हणजे दोघी सुनांचे सासरे, हातात पेपर धरून आले. धाकटा अर्ध्या दाढीने आला. थोरला कामावर निघाला होता, तो उंबऱ्यातून परत फिरला. थोरलीने मात्र झाकण उचललं, पुसलं, जागेवर ठेवलं आणि मग ती आली. धावत जाण्यासारखं तिला काही वाटलं नाही, आणि तेच पुढे तिच्या अंगाशी आलं.

संध्याकाळी गालिच्यांच्या कारखान्याचा मालक घरी येणार होता. नक्ष्या पसंत पडल्या, तर येत्या हंगामाचे सगळे गालिचे धाकटीच्या हातचे. दाखवताच आल्या नाहीत, तर दुसरी एक नक्षीकार बाई टपून बसलेलीच होती. धाकटी कॉम्प्युटरच्या रिकाम्या पडद्याकडे बघत रडायचंही विसरली होती.

थोरलीने दारातून तो पडदा पाहिला आणि तिच्या मनात आलं, बरं झालं.

पापणी लवायच्या आत तिने तो विचार हाकलला. पण मनाइतकी चपळाई चेहऱ्याला जमत नाही. नेमकं त्याच क्षणी थोरल्याने बायकोकडे पाहिलं.

तो तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात आला, दार लोटून घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "तू नाहीस ना गं केलंस?"

२

इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याने तिला असा प्रश्न कधी विचारला नव्हता. मीठ जास्त का पडलंय, एवढंही तो धड विचारायचा नाही. थोरली "नाही" म्हणाली, आणि आपला आवाज खोटारड्या माणसासारखा निघाला हे तिचं तिलाच ऐकू आलं.

आता खरं सांगायचं तर धाकटी तिच्या डोळ्यांत खुपत होती. ही घरात येण्याआधी कॉम्प्युटरचं काहीही अडलं की थोरलीच्या नावाने हाका सुरू व्हायच्या. शाळेत ती गणित शिकवायची, घरात वायफाय सांभाळायची. मग धाकटी आली. तिच्या कॉम्प्युटरचा पडदा खिडकीएवढा, तिच्या नक्ष्या बघायला शेजारीपाजारी यायचे, आणि अप्पा दुपारचा पत्त्यांचा डावसुद्धा तिच्याच खोलीत जाऊन खेळू लागले. थोरल्याने एकदा जेवताना "काय हात आहे हिचा!" म्हटलं, तर थोरलीच्या घशाखाली घास उतरेना.

त्यात मध्यंतरी थोरल्याच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला. घरात चार कॉम्प्युटर आणि चारही एकाच वायफायवर, म्हणजे एकाला सर्दी झाली की सगळं घर शिंकणार. जुना फुकटातला 'राखणदार' पुरेना, हे उघड झालं. आता नवा अँटिव्हायरस निवडायचा होता, आणि थोरलीला वाटलं, चला, आपले दिवस परत आले.

तिने जीव ओतून तुलना केली. कोणता यंत्राला जड होत नाही, कोणता उगाच बोंब मारत नाही, कोणता चारही कॉम्प्युटर एका जागेवरून सांभाळतो. शेवटी तिने 'ढाल' निवडली. तिघांच्या कॉम्प्युटरवरचा राखणदार काढून तिथे ढाल बसवली. धाकटीच्या कॉम्प्युटरवर ती नुसती डाउनलोड करून ठेवली, बसवली नाही, आणि जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर ढालीचे गुण सांगितले.

धाकटी ताटातून मान वर न करता म्हणाली, "ढाल नक्ष्या खाते म्हणे. माझ्या एका मैत्रिणीच्या खाल्ल्या. माझ्याकडे आपला राखणदारच असू दे. आणि ताई, माझ्या कॉम्प्युटरला हात लावत जाऊ नका ना."

थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यानंतर ती धाकटीशी कामापुरतंही बोलेना. ढालीत चारही कॉम्प्युटरची खबर एका पडद्यावर दिसते, तो पडदासुद्धा तिने रुसून उघडला नाही. ढालीचा विषय तिने एकाच वाक्यात मिटवला होता. शाळेला निघताना, पायात चप्पल सरकवत ती अप्पांना म्हणाली होती, "अप्पा, त्या गॅलरीतल्या मोडक्या छत्र्या टाका. आणि धाकटीच्या कॉम्प्युटरवरची ती ढालही टाका."

"टाकतो," अप्पा म्हणाले होते.

३

थोरल्याची पाठची आणि धाकट्याच्या वरची बहीण, म्हणजे दोघी सुनांच्या वन्सं, विम्याचे दावे तपासायच्या. दुकान जळलं, गोदाम जळलं की राखेत फिरून आग लागली की लावली, ते सांगायचं त्यांचं काम. त्या गावातच राहायच्या. अप्पांचा फोन जाताच त्या आल्या, कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि बूड टेकायच्या आधीच म्हणाल्या, "काय गेलं ते सगळे सांगतायत. काय गेलं नाही ते सांगा."

"म्हणजे?" धाकटी म्हणाली.

"जळलेल्या दुकानात मी आधी न जळलेलं बघते. मालकाने आग लावली असेल तर देव्हारा आणि बायकोचे फोटो नेमके आदल्या दिवशी घरी गेलेले असतात. तुझं काय शाबूत आहे?"

धाकटीने डोळे पुसून शोधाशोध केली. तिचे फोटो होते. पत्रव्यवहार होता. आणि अर्धवट नक्ष्या, त्याही जागच्या जागी होत्या.

"आणि गेल्या त्या?"

"पुऱ्या झालेल्या. कारखान्याच्या यंत्राला कळाव्यात म्हणून त्यांचं एक गाठोडं बांधावं लागतं. ते यंत्रावर चढवलं की आपलं आपण चालू होतं. एकदा बांधलं की कच्ची नक्षी वेगळी उरत नाही. काल सकाळी मी सगळी गाठोडी बांधली आणि नमुने छापायचा कागद आणायला बाहेर गेले. दमून आले ती झोपलेच. आज उघडते तर…"

"कच्च्या राहिल्या, बांधलेल्या गेल्या," वन्सं स्वतःशीच म्हणाल्या. "सूड घेणारं माणूस इतकं निवडून घेत नाही गं. ते सगळंच पेटवतं. आणखी काही?"

"कॉम्प्युटर हल्ली कण्हतो. पंखा सारखा घरघरतो, एक रंग भरायचा तर मी चहा पिऊन येते." धाकटीने क्षणभर थांबून दाराकडे पाहिलं. "मला वाटलं, ताईंनी नेटवर्कमध्ये काहीतरी केलंय."

थोरली दारातच उभी होती. "मी?" ती म्हणाली. "मला हात लावायची बंदी ना?"

"हात न लावताही तुम्हाला येतं की सगळं."

यात कौतुकही होतं, पण ते ऐकण्याच्या मनःस्थितीत थोरली नव्हती. ती दातओठ खात आत वळली. वन्संनी तिला अडवलं. "वहिनी, तुझ्या त्या ढालीचं काय झालं?"

"मी अप्पांना सांगून केव्हाच विषय संपवला."

"काय सांगून?"

थोरलीने तोंडाला कुलूप लावलं. धाकटीच्या समोर ते वाक्य परत म्हणायचं म्हणजे तिच्या जिवावर येत होतं. तिचं ते गप्प बसणं वन्संनी नीट पाहून घेतलं. मग त्या धाकट्याकडे वळल्या. त्याची उरलेली अर्धी दाढी अजून तशीच होती.

"आणि काल दुपारी ही बाहेर असताना कॉम्प्युटरपुढच्या या खुर्चीवर कोण बसलं होतं?" वन्संनी विचारलं. "खुर्ची केवढी वर केलीय. हिचे पाय तरी पोचतील का जमिनीला?"

धाकट्याचा चेहरा पांढरा पडला.

४

"मी बसलो होतो," तो म्हणाला. "पण नक्ष्यांना हात लावला नाही. शपथ."

"मग काय करत होतास?"

 धाकटा एका दमात बोलून मोकळा झाला. "तिच्या मेल वाचत होतो. त्या मालकाच्या. तो तिला 'कलाकार' म्हणतो. 'कलाकार, आज कशा आहात?' असं रोज लिहितो! मी रोज तिचा डबा भरतो, मला कोणी विचारतं का कसा आहेस?"

धाकटीचं रडणं थांबलं. ती नवऱ्याकडे आ वासून बघत राहिली. "अहो, तो सत्तरीचा आहे! आणि सगळ्या नक्षीकारांना तो कलाकारच म्हणतो!"

"ते मला कसं कळणार? फोटो कुठे लावलाय त्याने?"

वन्संनी हसू दाबलं. थोरलीला हसू आलं नाही. तिला धाकट्याची दया आली, आणि त्याचबरोबर आपलं दुखणं दुसऱ्याच्या अंगावर पाहून कसंसंच झालं. इतकं केविलवाणं दिसतं होय हे, तिने मनात म्हटलं.

"तू उठलास तेव्हा नक्ष्या होत्या?"

"होत्या. मग अप्पा पत्ते खेळायला आले, म्हणून मी सटकलो."

सगळ्या माना अप्पांकडे वळल्या. अप्पा पेपरची घडी करत होते.

"मी काय केलं? डाव मांडला, हरलो. मध्ये मध्ये कोपऱ्यात काहीतरी लाल चौकट यायची, मी फुलीवर टिचकी मारून ती घालवायचो. खेळताना लुडबुड नको."

"लाल चौकटीत काय लिहिलं होतं?"

"चष्मा पत्त्यांवर होता गं माझा."

"अप्पा, ती ढाल?"

"थोरलीने सांगितलं तसं त्याच दिवशी टाकली." अप्पांनी छाती पुढे काढली. "छत्र्या आणि ढाल, दोन्ही कामं. विचार तिला."

थोरलीने मान डोलावली. टाकली, मिटलं. उरलं काय? राखणदार एकटा, आणि तो कित्येक वर्षं नक्ष्यांच्या वाटेला गेलेला नाही. मालकाचं काही काळंबेरं नाही, धाकटा निव्वळ जळका, अप्पा भोळे. म्हणजे फिरून फिरून खापर एकाच डोक्यावर. जिला सगळं येतं आणि जिला बरं वाटलं, तिच्या.

वन्संनी बाकीच्यांना बाहेर पाठवून खोलीचं दार लावून घेतलं. आत त्या आणि थोरली, दोघीच उरल्या.

"वहिनी, आता माझ्या डोळ्यांत बघून सांग," त्या म्हणाल्या. "धाकटीच्या नक्ष्या गेल्या तेव्हा तुला बरं वाटलं ना?"

५

"वाटलं," थोरली म्हणाली. बोलल्यावर तिला हुंदका आला. "वाटलं, वन्सं. एवढंसं. पण मी केलं नाही. मी या घरात आले तेव्हा सगळ्यांना हवी होते. आता मी म्हणजे… टाकलेली. कोपऱ्यात पडलेय, कोणाला आठवण नाही. ह्यांनी आज सकाळी मला विचारलं, तू नाहीस ना केलंस म्हणून. ते त्यांच्या डोक्यातून आता जायचं नाही."

वन्संनी तिला पाणी दिलं.  मग दार उघडून म्हणाल्या, "चल, चहा करू. राखेत बसून काही सुचत नाही."

टेबलाभोवती सगळे बसले. थोरल्याने आज कामावर दांडी मारली होती आणि तो बायकोची नजर टाळत होता. थोरलीने सवयीने टेबल आवरायला घेतलं. "अप्पा, हा कालचा पेपर टाका," ती म्हणाली. अप्पांनी तो केराच्या बादलीत सारला. "आणि ह्या कानतुटक्या कपाचं काय करायचं? हाही टाका." कपही गेला. घरात ही थट्टाच होती, थोरलीच्या हाती काही फार वेळ देऊ नका, केरात जाईल.

"बिस्किटं कुठायत?" वन्संनी विचारलं.

"डब्यात टाकली," अप्पा म्हणाले. "थांब, देतो. चहात साखर टाकली का गं कोणी?"

वन्संचा कप ओठांपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी केराच्या बादलीकडे पाहिलं, मग बिस्किटांच्या डब्याकडे, मग परत बादलीकडे.

"वहिनी," त्या सावकाश म्हणाल्या, "कॉम्प्युटरमध्ये नवीन काही घालायचं असलं की तू काय म्हणतेस?"

"बसवायचं म्हणते. का?"

"आणि टाकायचं म्हणजे?"

"टाकायचं म्हणजे टाकायचं. केरात. माझ्या माहेरी दुसरं कशाला म्हणत नाहीत."

वन्संनी कप खाली ठेवला. "अप्पा, तुम्ही ढाल टाकलीत. कुठे टाकलीत?"

"कुठे म्हणजे?" अप्पांना प्रश्नच कळेना. "कॉम्प्युटरमध्ये! ती आयती पडद्यावर ठेवलेली होती. मी दोनदा टिचकी मारली, मग हो, हो, पुढे, पुढे. व्यवस्थित टाकली!"

 मग थोरलीची खुर्ची एवढ्या जोरात मागे सरकली की ती पडलीच.

६

धाकटीच्या कॉम्प्युटरला आज किती दिवसांनी थोरलीचा हात लागत होता. धाकटी बाजूला झाली, काही न बोलता. पंखा घरघरत होता. खाली, उजव्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी दोन बारीक चित्रं शेजारी शेजारी बसली होती, राखणदाराचा कंदील आणि ढाल.

"दोन अँटिव्हायरस," थोरली म्हणाली. "एका घरात दोन पहारेकरी. म्हणून बिचारा कण्हत होता. जे येईल ते दोघं तपासतात, आणि एकमेकांनाही."

तिने ढाल उघडली. संशयितांना कोंडून ठेवायची तिची एक कोठडी असते. कोठडीत पहिलं नाव राखणदाराच्याच एका तुकड्याचं होतं. ढालीने त्याला चोर समजून धरलं होतं. आणि त्याच्याखाली, एकाखाली एक, गाठोडी. आपलं आपण चालू होतं म्हटल्यावर ढालीला ती घुसखोर वाटली. राखणदाराला त्यांची सवय होती, ढाल नवी होती, तिला कोणी ओळख करून दिली नव्हती. लाल चौकटीत ती तेच विचारत होती आणि अप्पा फुलीवर टिचकी मारत होते.

"मेल्या नाहीत ना?" धाकटीने विचारलं.

"कोंडल्यात नुसत्या. सोडते." थोरलीने एकेक नक्षी परत जागेवर पाठवली. शेवटचा गालिचा पडद्यावर उलगडला तेव्हा धाकटीने तिचा खांदा घट्ट धरला, आणि मग लक्षात येऊन सोडला.

"एक मिनिट," ती म्हणाली. "तुमचं टाका म्हणजे काढा. म्हणजे तुम्ही अप्पांना ढाल काढायला सांगितली होतीत? माझ्या मनासारखं केलं होतंत?"

थोरलीने मान डोलावली.

"मग मला का नाही सांगितलंत, ताई? मी शेजारच्या खोलीत बसले होते! एक शब्द बोलला असतात तर मीच ती काढली असती. ही वेळच आली नसती."

खोलीत सगळे होते, थोरलासुद्धा. थोरलीला पळून जावंसं वाटलं. पण सकाळपासून खोटारड्यासारखा निघणारा आवाज आता तिला नको होता.

"तुला सांगितलं असतं, तर तू जिंकली असतीस," ती म्हणाली. "मला ढाल काढायची होती. हरायचं नव्हतं."

 धाकटीचा चेहरा हळूहळू लाल झाला. कपाळापासून सुरू होऊन ती लाली कानापर्यंत गेली.

"माझी कोणी मैत्रीण-बित्रीण नाही," ती पुटपुटली.

"काय?"

"ढाल नक्ष्या खाते हे मी ऐकलं-बिकलं नव्हतं. तिथल्या तिथे रचलं. तुम्ही निवडली होतीत, आणि सगळे माना डोलवत होते. अप्पा, भाऊजी, अगदी हेसुद्धा. मला वाटलं, आता ह्या घराला परत ताईच लागणार सगळ्याला."

थोरलीने पहिल्यांदा तिच्याकडे वळून पाहिलं. हिला, खिडकीएवढ्या पडद्याच्या मालकिणीला, आपला हेवा वाटावा?

वन्संना हसू आवरेना. "इतक्या आगी तपासल्या," त्या म्हणाल्या, "पण आपणच मारलेली थाप खरी होऊन जळालेली तूच पहिली!"

अप्पा मात्र हिरमुसले होते. "म्हणजे मी चुकलो का?"

"नाही, अप्पा," थोरली म्हणाली. "छत्री हातात असली की टाका म्हणजे काय ते दिसतं. ढाल दिसत नव्हती. मी नीट सांगायला हवं होतं. आणि ज्याला सांगायचं त्याला."

मालक यायला अजून वेळ होता. तोवर दोघी एकाच पडद्यासमोर बसल्या आणि निवड पहिल्यापासून झाली. ढाल चारही कॉम्प्युटर एका जागेवरून बघते, तेव्हा ती राहू दे, असं धाकटीच म्हणाली. मग नक्ष्यांचा कप्पा ढालीला ओळखीचा कसा करून द्यायचा, ते थोरलीने तिला दाखवलं, आणि माउस स्वतःकडे ओढून न घेता दाखवलं. उरला राखणदार. त्याला निरोप द्यायचा होता.

"ताई, हा टाकू?" धाकटीने विचारलं.

"कुठे?" थोरली म्हणाली.

धाकटी आधी दचकली, मग इतकी हसली की माउस हातातून सुटला. राखणदार गेला. पंखा हळू होत होत थांबला, आणि खोलीत इतक्या दिवसांनी शांतता झाली.

थोरला मघापासून दारात घुटमळत होता. सगळ्यांचं बोलणं त्याने अर्धंच ऐकलं होतं, कोठडी-बिठडी त्याच्या डोक्यावरून गेली होती. सकाळचा प्रश्न त्याला बायकोला परत विचारायचा नव्हता, पण उत्तर तर हवं होतं. त्याने घसा खाकरला.

"मग शेवटी केलं कोणी हे?"

 थोरलीने तोंड उघडलं. पण पडद्यावरून नजर न काढता धाकटी आधी बोलली.

"आम्ही दोघींनी."